काठावर बसायचा परवाना

जबाब

मी, चांगुणा गोरक्षनाथ वांढेकर, वय अट्ठावन्न (आधार कार्डावर एकसष्ट पडले आहे, ती चूक माझी नाही), धंदा शेती व घरकाम, राहणार मौजे कासारझरी, तिसगावजवळ, तालुका पाथर्डी. आज रविवारी दुपारी मी आपण होऊन पोलीस स्टेशनला आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही. महिला पोलीस अंमलदार ज्ञानेश्वरी मॅडम समोर बसून विचारतात तसे सांगते. जे डोळ्यांनी पाहिले ते पाहिले म्हणून सांगते, आणि जे ऐकले ते कोणाकडून ऐकले तेही सांगते.

मॅडम म्हणाल्या, थोडक्यात सांगा. मी म्हटलं, थोडक्यात सांगायचं असतं तर फोनवर सांगितलं असतं. त्यांनी नवीन कागद घेतला.

वरील पत्त्यावर मी पती गोरक्षनाथ यांचेसह राहते. मुलगा आणि सून नगरला केडगावात असतात. पती शुगर फॅक्टरीत वजनकाट्यावर नोकरीला होते, आता रिटायर आहेत. आम्ही दोघं माळकरी. गावच्या सप्त्यात आम्ही जोडीनं तुळशीची माळ घातली, तेव्हापासून घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. नातवाला डॉक्टरांनी अंडं सांगितलं होतं, तर त्याला ते गोठ्यापलीकडं बसून खावं लागलं, आणि हात धुतल्याशिवाय मी त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. हे अशासाठी सांगते की आमच्या घरात माळेला किती मानतात ते कागदावर यावं.

आमच्या गावाला पाझर तलाव आहे. तो मच्छीमार संस्थेनं ठेक्यानं घेतलेला आहे. संस्थेची माणसं पाण्यात माशांचं बीज सोडतात, राखण करतात आणि जाळं लावतात. सुट्टीच्या दिवशी तिसगावचे आणि आसपासचे हौशी लोक काठ्या घेऊन येतात आणि गळ टाकून बसतात. या हौशी लोकांनी परवाना घ्यायचा का नाही यावरून यंदा गावात चांगलीच जुंपली. संस्थेचा सचिव छगन लिंबोरे याचं म्हणणं, घ्यायचा. हौशी लोकांचं म्हणणं, आम्ही धंदा करत नाही, टाईमपास करतो, आमच्या दोन माशांनी तलाव ओस पडत नाही.

हा विषय ग्रामसभेत आला तेव्हा मी उठून बोलले. बायांमधून मी एकटीच बोलले. मी म्हटलं, "माझ्या रानात तुरीला शेंगा आल्या अन् कुनी हौस म्हनून ओंजळभर तोडून नेल्या, तर मी त्याला हौशी म्हननार न्हाई. काय म्हनंन ते हितं सांगत न्हाई. बीज ह्यांनी सोडलं, राखन ह्यांनी केली. मंग ह्यांना इचारल्याबिगर कसं चालंल? लायसन पायजेच." टाळ्या पडल्या. पती माझ्या मागच्या रांगेत बसलेले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं तंबाखू मळत असतील, हात रिकामे नसतील. ठराव पास झाला. हौशी लोकांनी घेणार नाही म्हणून सांगितलं.

पती दर रविवारी जेवण झालं की घराबाहेर पडायचे. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणायचे. निघताना परातीतला कणकेचा गोळा घ्यायचे आणि गाईला घालतो म्हणायचे. गाय कुणाची ते मी कधी विचारलं नाही. आमच्याकडं म्हशी आहेत.

आज ते जेवून गेल्यावर मी माझ्यापुरती भाकरी थापत असताना छगनचा फोन आला. तो म्हणाला, "काकू, काकांना तलावावर गळ टाकताना धरलंय. लायसन न्हाई. पोलीस स्टेशनला घेऊन चाललोय. तुमीच सभेत बोलला हुता, म्हनून फोन केला." मी त्याला राँग नंबर लागला म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "काकू, मी छगन." मी म्हटलं, "वळखलं. पन आमच्यातलं मानूस मासं धरत न्हाई." तो म्हणाला, "हातात काठी हाय, काकू." मग मी फोन ठेवला. तव्यावरची भाकरी तशीच राहिली आणि तिचा कोळसा झाला.

शेजारची निकिता हिच्या स्कूटीवर बसून मी आले. वाटेत मी मनाशी पक्कं करत होते की माळ मोडली असेल तर ती त्यांच्या गळ्यातून मीच काढायची, चार लोकांसमोर, आणि आजपासून त्यांचं ताट वेगळं वाढायचं. या वयात नवऱ्याचं ताट वेगळं करायचं म्हणजे काय ते मला कळतं. तरी मी ते करणार होते. मॅडम विचारतात, एवढा राग कशाचा. माशाचा नाही. माळ आम्ही जोडीनं घातली होती आणि यांनी माझ्या पाठीमागं मोडली, याचा राग.

पोलीस स्टेशनच्या आवारात लिंबाखाली पंधरा-वीस माणसं काठ्या घेऊन बसलेली होती. मला आधी वाटलं मारामारीची केस आहे. मग दिसलं की काठ्यांना दोऱ्या आहेत. त्यातून लालमहंमद शेख हे उठून पुढं आले. त्यांचं तिसगावात शिलाईचं दुकान आहे आणि माझ्या सुनेचे ब्लाऊज त्यांच्याकडंच शिवलेले आहेत. ते म्हणाले, "भाभी, तुमी बिलकुल फिकीर करू नका. उस्तादला आत टाकलं तर आमी समदे आत बसनार." मी म्हटलं, "कोन उस्ताद?" ते म्हणाले, "कोन म्हंजे? आपले वांढेकर साहेब."

त्यानंतर लालमहंमद यांनी सांगितलं ते मी ऐकलेलं म्हणून सांगते. माझे पती हे सर्व गळवाल्यांचे उस्ताद आहेत. कणकेत बडीशेप किती घालायची आणि गूळ किती, हे सगळ्या काठाला त्यांनी शिकवलं. पाण्यावर बुडबुडा आला की खाली राहू आहे का मरळ, ते बसल्या जागी सांगतात. त्यांची काठी आणि रीळ लालमहंमद यांच्या दुकानात ठेवलेली असते. ते सगळ्यांपासून लांब, भरावाच्या टोकाच्या खडकावर एकटे बसतात, कारण गर्दीनं मासा बुजतो. आणि इतर लोक एखादा मासा घरी नेतात, पण उस्ताद एकही नेत नाहीत. "धरतात अन् सोडून देतात, भाभी. एवढा दिलदार मानूस. मागं एवढा कटला सोडला म्हने." असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. मागच्यानं त्यांच्यापेक्षा जास्त पसरले.

मी विचारलं, "म्हने म्हंजे? तुमी बघितला न्हाई?"

"उस्तादला एकांत लागतो ना, भाभी."

"धरतात" हा एक शब्द माझ्या काळजाला लागला. सोडला म्हणून काय झालं? तोंडात गळाचा आकडा गेलाच ना, रक्त आलंच ना. मी पदर खोचला आणि आत गेले.

आत पती बाकावर बसलेले होते. छगन उभा होता. टेबलावर त्यांची काठी ठेवलेली होती, दोरी गुंडाळलेली आणि दोरीचं टोक प्लॅस्टिकच्या पिशवीत. ठाणे अंमलदार साहेब त्यांना समजावत होते. "काका, गळ टाकला एवढं म्हणा. समज देतो, लायसन घ्या आणि घरी जा." पती बोलेनात. "बरं, टाकला नाही म्हणा." तरी बोलेनात. साहेब म्हणाले, "हो म्हणणारे बघितले, नाही म्हणणारे तर रोज बघतो. दोन्ही न म्हणणारा पहिलाच." पतींच्या पाठीमागं खिडकी होती आणि खिडकीच्या गजांना लालमहंमद आणि बाकीचे चिकटलेले होते. समोर मी येऊन उभी राहिले. आता कळतं, ते दोन्हीकडून कोंडीत होते.

मी सर्वांसमक्ष म्हटलं, "माळ काढा." पतींनी माळेवर हात ठेवला आणि काढली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी सांगितलं आणि त्यांनी केलं नाही असं पहिल्यांदा झालं. मी परत म्हटलं, "काढता का मी काढू?" साहेब म्हणाले, मावशी, हे पोलीस स्टेशन आहे. मी म्हटलं, म्हणून तर हळू बोलतेय.

तेवढ्यात मॅडम जप्तीचा कागद लिहायला बसल्या. काठी एक, रीळ एक, तंगूस म्हणजे ती नायलॉनची दोरी. "आकडा केवढाय ते लिहावं लागतं," म्हणून त्यांनी पिशवीतून दोरीचं टोक काढलं. त्याला कणकेचा गोळा थापलेला होता. मॅडमनी तो फोडला. आत आकडा नव्हता. आत बटण होतं. दोरीला गाठ मारून बांधलेलं खाकी बटण, कणीक निसटू नये म्हणून. ते फॅक्टरीच्या शर्टाचं बटण आहे, हे मी पाहताक्षणी ओळखलं. त्या बटणासाठी मी सगळं घर धुंडाळलं होतं आणि शेवटी त्या जागी पांढरं लावलं होतं.

छगननं पिशवी उलटी करून झटकली. त्यानं सगळा गोळा बोटांनी कुस्करून पाहिला. टेबल आणि खिडकी यांच्या मधे साहेबांचं लोखंडी कपाट आहे, त्यामुळं बाहेरच्यांना यातलं काही दिसलं नाही. छगन खाली वाकून म्हणाला, "काका, आकडा कुठंय?"

पती म्हणाले, "न्हाई."

"मंग मासा लागायचा कसा?"

"लागत न्हाई."

"मंग तुमी करता काय तिथं?"

"तो येतो. खातो. दोरी हालती. जातो."

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. मॅडमनी पाणी दिलं.

यानंतर कायद्याची चर्चा झाली, ती हळू आवाजात झाली. साहेब म्हणाले, आकडा नाही तर मासेमारी नाही, मासेमारी नाही तर गुन्हा नाही. छगन म्हणाला, "साहेब, दोरी पान्यात हुती. मी डोळ्यांनी बघितली." साहेब म्हणाले, बाया धुणं धुतात तेव्हा लुगडंही पाण्यात असतं, त्यांनाही धरून आणतोस का. छगन विचारात पडला. मग म्हणाला, हिशोबानं बघितलं तर हा माणूस कित्येक वर्षं संस्थेच्या माशांना खुराक घालतोय, त्याला धरून आणायच्या ऐवजी शाल आणि नारळ द्यायला पाहिजे होता. मी त्याला सांगितलं की खुराक माझ्या परातीतला आहे, तेव्हा शाल घरी पाठव.

साहेब म्हणाले, झालं तर मग, काठीला आकडा नाही सबब गुन्हा नाही, असं लिहून देतो, कागद घ्या आणि जा. लालमहंमद त्या कागदाचीच वाट बघत होते. त्यांना तो मोबाईलवर सगळ्या गळवाल्यांना पाठवायचा होता, उस्ताद सुटले म्हणून. पती उठले आणि त्यांनी साहेबांना हात जोडले. म्हणाले, "साहेब, तसं लिहू नका. गुन्हा लावा." साहेब म्हणाले, कोणता? ते म्हणाले, "कुठलाबी. पन आकड्याचं लिहू नका."

मग ते माझ्याकडं वळले आणि खिडकीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले. "माळ मोडली न्हाई, चांगुणा. एक दिवस न्हाई." मी म्हटलं, "दिसलं ते. पन मंग ही काठी कशापायी?" ते म्हणाले, "फॅक्टरीत हुतो तवर माझ्या खिडकीपुढं गाड्यांची रांग लागायची. समदे मला इचारायचे. घरी आलो अन् मला कोन काय इचारतंय? तू म्हशीत, पोरगं केडगावला. ह्या लोकांनी मला काठावर जागा दिली. ज्याच्या हातात काठी न्हाई त्याला तिथं कोन बसू देतंय? काठी धरली तर आकडा लावावा लागतो, अन् आकडा लावला तर माळ जाती. मंग बटन लावलं."

मला वाईट वाटलं. माणूस माझ्याच घरातून उठून दर रविवारी बसायला जागा शोधत गेला आणि मी समजत होते पाय मोकळे करतोय. मॅडम म्हणाल्या हे लिहू का. मी म्हटलं लिहा.

आता प्रश्न असा होता की बाहेरच्यांना काय सांगायचं. आकडा नव्हता हे बाहेर गेलं असतं तर पंचक्रोशीत हसं झालं असतं आणि पती परत त्या काठावर कधी गेले नसते. आकडा होता असं मी सांगणार नव्हते, कारण माळेला खोटं चालत नाही. साहेबांनीही ते लिहिलं नसतं. म्हणून मी छगनला विचारलं, "तू लायसन कशाचं देतोस रे? माशाचं का बसायचं?"

छगन म्हणाला, "तसं बघितलं तर मासा लागंलच ह्याची काय ग्यारंटी न्हाई. दिवसभर बसून हात हालवत जानारेच जास्त. तरी लायसन घ्यावंच लागतं."

"म्हंजे बसायचंच."

"व्हय. धरा बसायचंच."

"आकडा बघून देतोस?"

"आकड्याला रकाना न्हाई, काकू."

मी म्हटलं, "मंग झालं. काठी घिऊन काठावर बसला त्यानं लायसन घ्यायचं. हे बसले. बिनलायसनचे बसले. साहेब, एवढंच लिहा." साहेबांनी चहा संपेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, यात एकही शब्द खोटा नाही. पतींनी चूक कबूल केली, विना परवाना बसल्याची. त्यांना समज देण्यात आली. छगनची कळी खुलली. त्याला दिसलं की उस्तादनं घेतलं म्हणजे बाहेरची सगळी पलटण घेणार, आणि सभेतल्या ठरावानं झालं नव्हतं ते आज होणार.

मी बाहेर जाऊन सर्वांना सांगितलं की माझा नवरा परवाना घेतोय. लालमहंमद यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "भाभी, उस्ताद झुकले?" मी म्हटलं, "झुकले न्हाईत. पानी दुसऱ्यानं राखलंय, त्याला इचारून बसावं एवढं त्यांना पटलं." मग त्यांनी चाचरत विचारलं, "पन भाभी, तुमी तर माळकरी. उस्ताद मासे धरतात, ते तुमाला चालतं?" मी म्हटलं, "त्यांच्या हातानं आजवर एक मासा मेला न्हाई. एक घरी आला न्हाई. माझी काय तक्रार न्हाई." लालमहंमद यांनी बाकीच्यांकडं वळून छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बघा. ह्याला म्हनतात उस्ताद."

गर्दीतल्या एकानं विचारलं, उस्ताद आकडा कुठल्या कंपनीचा वापरतात. मी म्हटलं, "ते काय लावतात ते घरचंच असतंय. बाजारात मिळत न्हाई." हेही खरंच आहे.

त्यानंतर लिंबाखाली छगननं परवान्याचं पुस्तक काढलं आणि रांग लागली. पहिले लालमहंमद होते. त्यांनी अट घातली की लायसन घेतो, पण काठावर सावलीला चार झाडं लावा, नुसतं घेऊ नका, काही द्याही. छगन लावतो म्हणाला. दुसऱ्या एकानं, मासा लागला नाही तर लायसन परत करता येईल का, असं विचारलं. त्याला रांगेच्या मागं पाठवण्यात आलं. साहेबांनी काठी परत दिली, बटणासकट.

पतींचा परवाना लिहून झाल्यावर मी छगनला म्हटलं, आणखी एक लिही. तो म्हणाला कोणाच्या नावानं. मी माझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "काकू, तुमी?" मी म्हटलं, "मला मासा धरायचा न्हाई अन् काठीबी नको. मला ह्यांच्या शेजारी बसायचंय. बसायला लायसन लागतं ना? मंग दे." पती माझ्याकडं बघत होते. त्यांनी टोपी काढून परत घातली. छगननं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि विचारलं, "कशासाठी लिहू? पोटासाठी का हौस?"

मी आजवर पुष्कळ कागदांवर सह्या केल्या. रेशन झालं, पीकविमा झाला, बचत गट झाला. कुठल्याच कागदावर मला हौस आहे का असं कोणी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, हौस लिही. त्यानं लिहिलं.

वरील मजकूर ज्ञानेश्वरी मॅडमनी खिडकी लावून घेऊन मला हळू आवाजात वाचून दाखवला. हा कागद बाहेर जाणार नाही असं साहेब बोलले आहेत, त्या भरवशावर एवढं सांगितलं. मी बोलले तसंच उतरवलं आहे, खोडण्यासारखं काही नाही. सही करते. पती बाहेर थांबले आहेत, आणि ऊन उतरायच्या आत आम्हाला तलावावर जायचं आहे.

सही
चांगुणा गोरक्षनाथ वांढेकर